हार्ड डिस्क बिघडू लागल्यास शाळेची माहिती कशी वाचवावी



शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरचे मोल काय, हे आपणांस सांगावयास नको. मुलाची जन्मतारीख व जात यांची जी नोंद प्रवेशाच्या दिवशी होते, ती आयुष्यभर त्याच्या कामी येते. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी शालेय रजिस्टरेही तपासावी लागली. कागदावरील शाई इतकी वर्षे टिकली. आता निकालपत्रके, याद्या, पोषण आहाराचे हिशेब व छायाचित्रे संगणकात साठविली जातात. आणि संगणकाची हार्ड डिस्क काही वर्षांतच झिजणारी वस्तू आहे. म्हणून ती बिघडू लागताच काय करावे, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

हार्ड डिस्कच्या पेटीत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे मात्र वाचणारे टोक हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. ते अंतर इतके अल्प असते की धुळीचा कणही त्यात मावत नाही. धक्का बसला व टोक चकतीवर घासले की तेथील नोंदी खरवडल्या जातात.

बिघाडाची लक्षणे ओळखण्यासारखी असतात. डिस्कमधून टक-टक असा आवाज येतो. लहानशी फाइल उघडण्यासही फार वेळ लागतो. संगणक मध्येच थिजतो. किंवा ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. या प्रश्नास कधीही होकार देऊ नये.

मालेगावच्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला, तर विणकर प्रथम माग थांबवितो आणि मगच धागा जोडतो. माग तसाच चालू ठेवला तर दोष कापडभर पसरतो. येथेही तोच नियम आहे : आधी थांबावे, मग नक्कल करावी, दुरुस्ती शेवटी. क्रम असा ठेवावा :

१. त्या डिस्कवर नवीन काहीही साठवू नये. टक-टक आवाज येत असल्यास संगणक तात्काळ बंद करावा व पुन्हा चालू करून पाहू नये.

२. आवाज नसल्यास, आणि डिस्क बाहेरून जोडण्याची असल्यास, दुसरी केबल लावून पाहावी. पुष्कळदा दोष केबलमध्येच असतो.

३. डिस्क दिसू लागताच, जी माहिती अन्यत्र कोठेही नाही, तिची नक्कल प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी रेंगाळू नये, पुढची घ्यावी.

४. बरेच काही अडत असेल, तर जाणकाराकडून संपूर्ण डिस्कची नक्कल करवून घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य आज्ञावली आधी चांगला भाग वाचते, खराब भागाकडे मागाहून वळते आणि कोठवर वाचले याची टाचणी ठेवते. मात्र मूळ डिस्क कोणती व कोरी कोणती, हे दोनदा पाहावे. अदलाबदल झाल्यास सर्वच पुसले जाते.

५. दुरुस्तीच्या आज्ञावली त्या नकलेवरच चालवाव्यात, मूळ डिस्कवर नव्हे.

डिस्कची पेटी उघडणे, तिला ठोकणे किंवा शीतकपाटात ठेवणे हे उपाय घातक होत. उघडण्याचे काम धूळविरहित खोलीतच होऊ शकते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर असलेले ‘कोलंबिया’ यान कोसळले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका होरपळलेल्या डिस्कवरील सुमारे ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळविली. तज्ज्ञांचे काम खर्चाचे असते. म्हणून तीच माहिती कागदावर अथवा ‘यूडायस प्लस’वर आहे काय, हे आधी पाहावे.

नव्या संगणकांत फिरत्या चकत्यांऐवजी एसएसडी असते. ती आवाज करीत नाही आणि कित्येकदा पूर्वसूचनेविना बंद पडते. तेव्हा खरी राखण आधीच केलेल्या नकलेत आहे. एक प्रत संगणकात, दुसरी मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटातील डिस्कवर व तिसरी केंद्रशाळेत सुरक्षित असावी. दरमहा एकदा नक्कल घ्यावी व तीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच होय.

आणि संगणक आला म्हणून जनरल रजिस्टर शाईने लिहिण्यात हयगय होऊ नये. आज पहिलीत आलेले मूल वीस वर्षांनी दाखल्यासाठी शाळेच्या दारी येईल, तेव्हा त्याची नोंद त्याला मिळालीच पाहिजे.