सर्फिंगसाठी बेटावरील वास्तव्य (इंडोनेशिया)

फुटत्या लाटेवर फळीच्या आधाराने उभे राहून किनाऱ्याच्या दिशेने घसरत येण्याच्या जलक्रीडेस सर्फिंग म्हणतात. चांगल्या लाटा आणि अल्प खर्च या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात, या हेतूने अनेक सर्फर एखाद्या बेटावर दीर्घकाळ वास्तव्यास जातात. इंडोनेशियातील बाली, लोंबोक, नियास आणि मेंतावाई ही बेटे अशा वास्तव्यासाठी जगभर ओळखली जातात. बेटाची निवड करताना लाट आणि स्वस्ताई यांचा विचार सहसा एकत्रच केला जातो. प्रत्यक्षात त्यांची कारणे वेगळी आहेत. लाट भूगोलावर अवलंबून असते, तर स्वस्ताई ही येणाऱ्याचे उत्पन्न आणि स्थानिकांचे उत्पन्न यांतील तफावतीवर. त्यामुळे बेट प्रसिद्ध झाले की लाट तीच राहते, स्वस्ताई मात्र कमी होत जाते.

इतिहास

बालीमध्ये सर्फिंगची सुरुवात १९३० च्या दशकात झाली. हवाई बेटांवर सर्फिंग शिकलेले अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट कोक यांनी लुईझ यांच्यासह १९३६ मध्ये कुटा येथे समुद्रकाठी हॉटेल उभारले आणि तेथे या खेळाची ओळख करून दिली. दुसऱ्या महायुद्धात हा उपक्रम थांबला. १९७२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात बालीच्या दक्षिण टोकावरील उलुवातूच्या लाटा जगाने पाहिल्या. त्यानंतर ऑस्ट्रेलियातून तरुणांचा ओघ सुरू झाला. १९७५ मध्ये काही प्रवासी सर्फर नियास बेटावरील लागुंद्रीच्या उपसागरापर्यंत पोहोचले, तर मेंतावाई बेटे १९९० च्या दशकात भाड्याच्या बोटींमुळे प्रसिद्धीस आली. एका ठिकाणी गर्दी व खर्च वाढला की पुढचे, अधिक दुर्गम बेट शोधायचे, असा हा क्रम राहिला आहे.

लाटांचा भूगोल

या बेटांवरील लाटांचा उगम हजारो किलोमीटर दक्षिणेस आहे. दक्षिण गोलार्धातील चाळीस ते साठ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळी पश्चिमी वारे वाहतात. तेथे निर्माण झालेल्या लाटा हिंदी महासागर ओलांडताना संथ, लांब आणि एकसारख्या होत जातात. मधे मोठा भूभाग नसल्याने त्यांचा जोर टिकून राहतो. किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळखडकावर त्या अचानक उंच होतात आणि क्रमाक्रमाने फुटतात. या क्रमाने फुटण्यामुळेच सर्फरला लाटेच्या कडेने लांबवर जाता येते.

वाऱ्याची दिशा तितकीच महत्त्वाची असते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, ज्याला कोकणात मतलई वारा म्हणतात, लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो आणि तिला उशिरा फुटू देतो. समुद्राकडून येणारा वारा तिची मोडतोड करतो. बालीमध्ये साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूत आग्नेयेचे वारे वाहतात, म्हणून पश्चिमाभिमुख किनारे, विशेषतः बुकित द्वीपकल्प, उत्तम स्थितीत असतात. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळ्यात वारे वायव्येकडून येतात आणि सानूर, नुसा दुआ, केरामास हे पूर्वेकडील किनारे अनुकूल ठरतात. याच काळात कुटाच्या किनाऱ्यावर समुद्राने आणलेला कचरा मोठ्या प्रमाणात साचतो. दोन्ही ऋतूंत वापरता येतील असे किनारे थोड्या अंतरावर असणे हे वर्षभर राहू इच्छिणाऱ्यासाठी बालीचे मोठे वैशिष्ट्य आहे.

प्रमुख बेटांची तुलना

बाली : नवशिक्यांसाठी कुटाचा वाळूचा किनारा आणि कुशल सर्फरसाठी उलुवातू अशा सर्व पातळ्यांच्या लाटा येथे मिळतात. आंतरराष्ट्रीय विमानतळ, मोठी रुग्णालये, शाळा आणि वेगवान इंटरनेट उपलब्ध आहे. गर्दी आणि घरभाडे मात्र या चार ठिकाणांत सर्वाधिक आहे.

लोंबोक : बालीच्या पूर्वेस सामुद्रधुनीपलीकडे असलेल्या या बेटावर बहुसंख्य लोक ससाक समाजाचे व मुस्लिम आहेत. गेरुपुकच्या उपसागरात मध्यम लाटा, तर नैर्ऋत्येकडील डेझर्ट पॉइंट येथे अत्यंत वेगवान व पोकळ लाट फुटते. राहणे बालीपेक्षा स्वस्त आहे. दक्षिण किनाऱ्यावर मंडालिका पर्यटनक्षेत्र विकसित होत असून तेथील मोटारशर्यतींचे मैदान २०२१ मध्ये सुरू झाले.

नियास : सुमात्राच्या पश्चिमेस, विषुववृत्ताजवळ. लागुंद्रीची उजवीकडे फुटणारी लाट प्रसिद्ध आहे. विमानतळ बेटाच्या उत्तर भागात आणि लाट दक्षिणेस असल्याने रस्त्याने काही तासांचा प्रवास करावा लागतो.

मेंतावाई : पादांग शहरापासून सहसा बोटीने पोहोचतात. लाटा जगातील सर्वोत्तमांत गणल्या जातात. अन्न व इंधन बाहेरून आणावे लागत असल्याने दुर्गम असूनही हे ठिकाण पाहुण्यांसाठी स्वस्त नाही.

वास्तव्याचा कायदा

पर्यटक म्हणून मिळणारा आगमनप्रसंगीचा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि तो एकदा तितक्याच दिवसांनी वाढवता येतो. त्यावर नोकरी करता येत नाही. मोबदला घेऊन सर्फिंग शिकवणे हेही कामच समजले जाते. परदेशातील कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना २०२४ पासून एक वर्षाच्या मुदतीचा स्वतंत्र परवाना मिळू लागला. त्यासाठी वर्षाला किमान ६०,००० अमेरिकन डॉलर उत्पन्न दाखवावे लागते.

जमिनीबाबत १९६० चा मूलभूत कृषिभूमी कायदा लागू आहे. त्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी केवळ इंडोनेशियन नागरिकांना मिळते. परदेशी व्यक्तीला वापराचा हक्क किंवा ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा घेता येतो. स्थानिक व्यक्तीच्या नावावर जमीन घेऊन प्रत्यक्ष ताबा स्वतःकडे ठेवण्याचे व्यवहार आढळतात. असा व्यवहार या कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरतो आणि त्यात आयुष्याची बचत बुडण्याचा धोका असतो.

खर्च आणि उत्पन्न

२०२४ मध्ये बाली प्रांताचे किमान मासिक वेतन सुमारे २८ लाख रुपिया, म्हणजे भारतीय चलनात सुमारे १५ हजार रुपये होते. दूरस्थ कामाच्या परवान्यासाठी लागणारे उत्पन्न महिन्याला ५,००० डॉलर होते. ते या वेतनाच्या पंचवीसपटींहून अधिक आहे. बाहेरून येणाऱ्याला बेट स्वस्त वाटते ते या अंतरामुळे. भाडे डॉलरच्या हिशेबाने ठरू लागले की त्याच गावातील शिक्षक, मच्छीमार किंवा हॉटेल-कर्मचारी यांना तेथे घर घेणे अवघड होते. म्हणून एखादे बेट परवडणारे आहे या विधानाला, कोणाच्या उत्पन्नाने हे सांगितल्याशिवाय पुरता अर्थ येत नाही.

आरोग्य आणि आपत्ती

उथळ प्रवाळावर आपटून होणाऱ्या जखमा, डेंग्यू आणि दुचाकीचे अपघात हे नित्याचे धोके आहेत. नियास व मेंतावाई येथे हिवतापाचाही विचार करावा लागतो. डोक्याला किंवा मणक्याला इजा झाल्यास दुर्गम बेटावरून रुग्णाला हलवण्यात मोलाचा वेळ जातो. त्यामुळे रुग्णालयाचे अंतर हा निवडीतील घटक घरभाड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

ही बेटे भूपट्टांच्या सीमेजवळ असल्याने भूकंप, त्सुनामी आणि ज्वालामुखी यांचा धोका कायम असतो. २०१० मध्ये मेंतावाई येथे त्सुनामीने चारशेहून अधिक, तर ऑगस्ट २०१८ मध्ये लोंबोक येथे भूकंपाने पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. मार्च २००५ मध्ये नियासच्या भूकंपाने शेकडो बळी घेतले आणि किनाऱ्याचा काही भाग वर उचलला. लागुंद्रीचा प्रवाळखडक उथळ झाल्याने तेथील लाट पूर्वीपेक्षा अधिक जोरदार व पोकळ फुटू लागली. सहसा न बदलणारी लाटही अशा वेळी बदलते.

स्थानिक समाज

बालीतील भातशेतीला पाणी पुरवणारी ‘सुबाक’ ही सहकारी व्यवस्था जलमंदिरांशी जोडलेली असून २०१२ मध्ये तिच्या भूदृश्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दक्षिण बालीत चांग्गूसारख्या गावांतील अनेक खाचरे गेल्या काही दशकांत भाड्याच्या बंगल्यांखाली गेली. एक शेत विकले गेले की पाटाचे पाणी पुढच्या शेतांपर्यंत पोहोचणे अवघड होते, त्यामुळे त्याचा परिणाम एका कुटुंबापुरता राहत नाही. दुसरीकडे, सर्फिंगने शिक्षक, फळ्या दुरुस्त करणारे कारागीर आणि व्यावसायिक खेळाडू अशी नवी कामेही निर्माण केली. बालीत वाढलेला रिओ वायदा टोकियो ऑलिम्पिकमध्ये इंडोनेशियाकडून सर्फिंगमध्ये उतरला.

बेटावर राहणाऱ्याला गावाचे नियम पाळावे लागतात. ‘न्येपी’ या बालीच्या शक नववर्षदिनी चोवीस तास विमानतळ, रस्ते आणि समुद्रकिनारे बंद असतात आणि त्या दिवशी लाट कितीही चांगली असली तरी पाण्यात उतरता येत नाही. हा शक महाराष्ट्रातील शालिवाहन शकाप्रमाणेच इसवी सन ७८ पासून मोजला जातो. २२ मार्च २०२३ रोजी न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले.