चित्रामागची तारीख

लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संग्रहात इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं एक छोटं तैलचित्र आहे. कागदावर रंगवलेलं, 24 सेंटिमीटर उंच आणि सुमारे 30 सेंटिमीटर रुंद. बहुतेक सगळी जागा ढगांनी घेतली आहे, उजव्या कडेला झाड तेवढं दिसतं. कॉन्स्टेबलने त्यासोबत नोंद करून ठेवली आहे. हॅम्पस्टेड, 11 सप्टेंबर 1821, सकाळी दहा ते अकरा. ढग चंदेरी करडे, हवेत उकाडा, हलका वारा, दिशा नैर्ऋत्य. दिवसभर हवा छान होती, रात्री मात्र पाऊस झाला.

चित्र अकराला पुरं झालं आणि पाऊस रात्री आला. म्हणजे ओल्या रंगाचा तो कागद बाजूला ठेवल्यानंतर कॉन्स्टेबल पुन्हा त्याच्याकडे वळला आणि सकाळच्या त्या ढगांचं पुढे काय झालं, हे त्याने लिहिलं. छोट्या तैलचित्रांच्या रोजच्या अभ्यासाचा सगळा स्वभाव या एका ओळीत आहे. एका बैठकीत काढायचं, तारीख घालायची, आपण पाहिलं ते खरं होतं का हे तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

अशी चित्रं छोटी का असतात, याचं उत्तर प्रकाशात आहे. पिएर-आंरी दे व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने 1800 साली यथार्थदर्शनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निसर्गचित्र शिकणाऱ्यांसाठी त्याने वेळेचं बंधन सांगितलं आहे. निसर्गासमोर केलेला अभ्यास फार तर दोन तासांत संपवावा, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. त्यानंतर सावल्या सरकतात, झाडाची उजेडातली बाजू बदलते आणि चित्रात दोन वेगवेगळ्या वेळा एकत्र येतात. अर्ध्या तासात माणसाचा हात जेवढी जागा नीट रंगवू शकतो, तेवढंच चित्र मोठं असू शकतं. चित्राची लांबी-रुंदी इथे घड्याळ ठरवतं.

कॉन्स्टेबलला हे घड्याळ लहानपणापासून ठाऊक होतं. सफकमध्ये त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या. त्यांतली एक वाऱ्यावर चालायची, आणि तरुणपणी त्याने तिथे कामही केलं होतं. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला आभाळाकडे बघावंच लागतं. वारा फिरला की पंखे फिरवावे लागतात. पत्नी मारियाची तब्येत नाजूक असल्याने 1819 पासून तो लंडनच्या उत्तरेला, उंचावरच्या हॅम्पस्टेडमध्ये घर भाड्याने घेऊ लागला. तिथे 1821 आणि 1822 या दोन वर्षांत त्याने आभाळाचे सुमारे शंभर अभ्यास केले. कागदाला आधी रंगाचा एक थर देऊन ठेवायचा, तो रंगपेटीच्या झाकणाला टाचायचा आणि पेटी मांडीवर घेऊन बसायचं. नंतर एका हवामानशास्त्रज्ञाने त्याच्या नोंदी त्या काळच्या हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या विश्वासार्ह ठरल्या.

यातले फार थोडे ढग त्याच्या मोठ्या चित्रांत जसेच्या तसे उतरले. मग हे शंभर अभ्यास कशासाठी? त्यांनी त्याच्या डोळ्याला सवय लावली. ढगाचा खालचा भाग किती करडा असतो, क्षितिजाकडे जाताना निळा कसा फिका पडतो, ढगातून आलेला उजेड शेतावर कुठे पडतो, हे शंभरदा ठरवून झाल्यावर दोन मीटरच्या कॅनव्हासवर ते सुचायला वेळ लागत नाही. अभ्यासाचं फळ त्या कागदांपेक्षा माणसाच्या निर्णयशक्तीत साठत गेलं.

तेलरंग घेऊन घराबाहेर पडणं तेव्हा सोपं नव्हतं. खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून ठेवत. टोचून रंग काढला की भोक नीट बुजवता येत नसे आणि उरलेला रंग आळून जाई. 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबली की रंग देणारी, चेपत जाणारी कथलाची ट्यूब पेटंट केली आणि रंगांचं दुकान खिशात मावू लागलं. कॉन्स्टेबल त्याआधी चार वर्षं वारला होता. त्याची ती शंभर आभाळं पिशव्यांतल्या रंगांनी झाली आहेत.

तेलरंगाची दुसरी अडचण अशी की तो पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात. अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असल्याने तो लवकर सुकतो, काळा आणि काही लाल रंग मात्र रेंगाळतात. त्यामुळे रोज चित्र काढणाऱ्याकडे कायम दोन-चार ओली चित्रं असतात. ती एकमेकांना न चिकटता घरी कशी न्यायची, या प्रश्नातून त्याची पेटी घडली. झाकण उघडलं की ईझल, मधली फळी म्हणजे पॅलेट, आणि झाकणातल्या खाचांत ओल्या चित्रांच्या फळ्या एकमेकींपासून बोटभर अंतरावर उभ्या.

अशा फळीवर काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे कलाशाळांतून ‘ऑन द स्पॉट’ लँडस्केपची परंपरा मोठी आहे, पण ती मुख्यतः जलरंगाची. तिथे कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो आणि फिक्याकडून गडदकडे जावं लागतं. तेलरंगात बहुधा उलट चाल असते. फळीला आधीच तपकिरी किंवा करडा थर दिलेला असतो. पातळ रंगाने मोठे आकार मांडायचे, आधी सगळ्यांत गडद जागा ठरवायच्या, मग मधले टोन, आणि जाड रंगातला उजेड सर्वांत शेवटी. डोळे किलकिले केले की तपशील पुसले जातात आणि तीन-चार मोठे टोन उरतात. छोटं चित्र त्यांवरच उभं राहतं. खालचा रंग ओला असतानाच वरचा लावायचा असतो, त्यामुळे प्रत्येक फटकारा एकदाच. दोनदा घासलं की खालचा रंग वर येतो आणि सगळं मळकट होतं. रंग पॅलेटवरच नीट मिसळावा लागतो, फळीवर दुरुस्तीला वाव नसतो. चुकलं तर पॅलेट नाइफने खरवडून त्या जागी पुन्हा लावायचं.

या शिस्तीचं सर्वांत उत्कट उदाहरण कॅनडात आहे. टॉम टॉमसन, जन्म 1877, टोरांटोतल्या एका छापील कामाच्या कंपनीत डिझाइनचं काम करायचा. 1912 साली तो पहिल्यांदा ऑन्टारिओच्या अल्गोंक्विन पार्कच्या जंगलात गेला आणि पुढची वर्षं बर्फ वितळल्यापासून पानगळीपर्यंत तिथेच राहू लागला. कधी वाटाड्या म्हणून, कधी वणव्यांवर नजर ठेवणारा रखवालदार म्हणून, सोबत होडी आणि रंगपेटी. त्याच्या फळ्या साधारण साडेआठ बाय साडेदहा इंचांच्या, म्हणजे सुमारे 22 बाय 27 सेंटिमीटर. कॉन्स्टेबलच्या कागदाच्या जवळपास त्याच मापाच्या. मध्ये शतक आणि महासागर असूनही मांडीवरची पेटी आणि सरकता उजेड यांनी दोघांना एकाच मापावर आणलं.

1917 च्या वसंतात टॉमसनने कनू लेकपाशी मुक्काम केला. पार्कचा रेंजर मार्क रॉबिन्सन याच्या आठवणीप्रमाणे, टॉमसनने त्याला सांगितलं होतं की त्या वसंताच्या हवेची नोंद त्याने रोज एक याप्रमाणे 62 दिवस फळ्यांवर केली आहे. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो. त्याच वर्षीच्या जुलैत, चाळिशी गाठण्याआधी, तो त्या तळ्यात मृत्यू पावला. चित्रकार म्हणून त्याला जेमतेम पाच वर्षं मिळाली आणि तेवढ्यात त्याने सुमारे चारशे छोटी चित्रं केली. मोठे कॅनव्हास पन्नासच्या आसपास. आज कॅनडाच्या नॅशनल गॅलरीत असलेलं ‘द जॅक पाइन’ दुसऱ्या एका तळ्याकाठी केलेल्या अशाच एका फळीवरून टोरांटोच्या हिवाळ्यात मोठं झालं.

आपल्या काळात या सवयीने नवं रूप घेतलं. डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडला राहणाऱ्या डुएन कायझर या चित्रकाराने रोज एक पोस्टकार्डाएवढं तैलचित्र काढून ते इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. विषय घरातले, अगदी ब्रेडच्या सँडविचपर्यंत. लिलावाची बोली शंभर डॉलरपासून सुरू व्हायची. गॅलरीची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या भिंतीवर त्यामुळे हाताने काढलेलं चित्र आलं, आणि कायझरचं पाहून असंख्य चित्रकार रोज बसू लागले. ही मोलाची गोष्ट आहे.

त्यात एक धोकाही आहे. गायकाचा पहाटेचा रियाज हवेत विरतो, म्हणून तो निर्धास्त चुकू शकतो. चित्रकाराचा रियाज वस्तू होऊन उरतो, आणि ती वस्तू आजच विकायची ठरली की आजचं चित्र गोडच निघालं पाहिजे, अशी सक्ती होते. मग लिंबू, चहाचा कप आणि पिवळा उजेड हे हमखास जमणारे विषय पुन्हा पुन्हा येतात. कॉन्स्टेबलची आभाळं बाजारात जायची नव्हती, म्हणून त्यांत नुसत्या करड्या, कंटाळवाण्या दुपारीही आहेत. त्याच दुपारींनी त्याला करडा रंग शिकवला. रोज काढणाऱ्याने विकावं जरूर, पण काही फळ्या कोणालाही न दाखवण्यासाठी ठेवाव्यात असं मला ठामपणे वाटतं. जे जमत नाही तिकडे रोज जायचं धैर्य त्या फळ्यांमुळे टिकतं.

आपण बघणाऱ्यांनीही या चित्रांकडे पाहण्याची रीत बदलायला हवी. संग्रहालयं शंभरातलं एक उत्तम निवडून सोनेरी चौकटीत लावतात, आणि आपण ते एखाद्या अपुऱ्या मोठ्या चित्रासारखं पाहून पुढे जातो. ही चित्रं ओळीने पाहायची असतात. एकाच टेकडीवरचे लागोपाठचे सात दिवस, फसलेल्या मंगळवारासकट, तारखांसह शेजारी शेजारी लावले तर चित्रकाराने बुधवारी काय सुधारलं ते कोणालाही दिसेल. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना त्या भिंतीवरून जे कळेल ते एका श्रेष्ठ कलाकृतीपुढे तासभर उभं राहून कळणार नाही, कारण श्रेष्ठ कलाकृती आपली मेहनत लपवते आणि ही ओळ ती मेहनत दिवसागणिक उलगडून दाखवते.