शाळेच्या आवारातील गाजरगवत
मूळचे अमेरिका खंडातील गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. आज ते गावोगावच्या बागांत व शाळांच्या कुंपणापाशीही फोफावते. एकेक रोप हजारो बिया धरते. म्हणून ते फुलण्यापूर्वीच, पावसाने जमीन भिजलेली असता, मुळासकट उपटणे इष्ट होय; नुसते कापल्यास बुडखा पुन्हा फुटतो. श्रमदानास ग्रामस्थांना अवश्य बोलवावे. मात्र बालकांना या कामी मुळीच लावू नये. उत्साहाच्या भरात आपणा शिक्षकांस याचा विसर पडतो. या गवताच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते, परागांनी दमाही बळावतो. प्रौढांनीही हातमोजे घालून नाकातोंडावर फडके बांधावे. मुलांस रोप दुरून ओळखावयास शिकवावे. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरावा. तो दाट वाढून गाजरगवतास डोके वर काढू देत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.