घरची विक्री आणि आयत्या वेळची अडचण

पापड, कुरडया, शेवया, सांडगे, मसाला हे जिन्नस आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. पूर्वी ते घरापुरते होत. आता गावोगावच्या बचत गटांतील बायका ते विकू लागल्या आहेत. कोणी आठवड्याच्या बाजारात बसते, कोणी जत्रेत बसते. पण पुष्कळ विक्री घरातच होते. एका बाईच्या ओसरीवर दुपारी शेजारणी जमतात. सतरंजीवर माल मांडलेला असतो. बायका चव घेतात, भाव विचारतात, दोन पुडे घेतात आणि पुढची मागणी सांगून जातात. यालाच आपण घरची विक्री म्हणू.

ही रीत परदेशातही आहे. अमेरिकेतल्या टपरवेअर नावाच्या कंपनीने १९५१ साली आपले प्लॅस्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि ते घरोघरच्या बैठकांतून विकायचे ठरवले. मैत्रिणीच्या घरी बसून वस्तू हातात घेऊन पाहिली म्हणजे माणसाला भरवसा वाटतो.

घरच्या विक्रीला जागेचे भाडे नाही आणि मधला दलाल नाही. पण एक जोखीम आहे. बाजारात फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. घरच्या विक्रीत फसलेली बाई रोज पाणवठ्यावर भेटते. तिच्या तोंडून साऱ्या आळीला कळते. शिवाय जिच्या ओसरीवर विक्री झाली, तिचेही नाव खराब होते. म्हणून या धंद्यात पैशाच्या भांडवलापेक्षा शब्दाचे भांडवल मोठे आहे.

आणि हा शब्द मोडण्याची वेळ येते ती बहुधा आयत्या वेळी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, तशी विक्रीच्या आदल्या दिवशी अडचणी उभ्या राहतात. त्यांतल्या नेहमीच्या अडचणी कोणत्या आणि त्यांतून वाट कशी काढावी, ते आम्ही येथे सांगतो.

वही हीच पहिली सोय

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. अडचणीची तयारी आधीच करावी लागते. ती तयारी म्हणजे एक साधी वही.

वहीत पाच गोष्टी लिहाव्या. कोणी मागणी दिली, काय मागितले, किती मागितले, कोणत्या भावाने ठरले आणि कधी द्यायचे. मोठी मागणी असेल तर थोडा इसार घ्यावा आणि तोही लिहावा. लग्नघरच्या दहा किलोंची मागणी नुसत्या तोंडी शब्दावर धरू नये. आयत्या वेळी "आता नको" असे उत्तर आले, तर तेवढा माल अंगावर पडतो.

पुष्कळ बायका म्हणतात, "आमच्या सगळं ध्यानात असतं." असेलही. पण विक्रीच्या दिवशी त्याच बाईला ताप आला तर? तिच्या ध्यानातले दुसरीला कसे कळणार? वही असली म्हणजे दुसरी बाई ती उघडते, वाचते आणि काम पुढे चालवते. तुम्ही अक्षरे शिकलात त्याचा हा रोकडा फायदा आहे. गटातल्या निदान दोघींना हिशेब ठाऊक असावा.

पाऊस आला आणि माल ओला राहिला

पापडाचा शत्रू म्हणजे दमट हवा. या बाबतीत मुंबईची एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. धंदा हळूहळू वाढला. पण पावसाळा आला आणि पापड वाळेनात. त्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी युक्ती केली. एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. बाहेर पाऊस पडत राहिला आणि आत पापड वाळत राहिले. याच बायकांची संस्था पुढे लिज्जत पापड या नावाने देशभर पसरली. युक्ती साधी होती. पण पहिल्या पावसाने दिलेला धडा त्या विसरल्या नाहीत, हे महत्त्वाचे. तुम्ही असे काही कराल तर विस्तवाजवळ कोणीतरी बसून राहावे, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि मुलांना लांब ठेवावे.

आता समजा, युक्ती करूनही सगळा माल वाळला नाही. तर काय करावे? पापडाला वास आला नसेल, त्यावर बुरशी नसेल, तर तो पुन्हा कडकडीत वाळवावा आणि मागून विकावा. पण बुरशीचा ठिपका दिसला की तो पापड टाकून द्यावा. फडक्याने पुसून पुड्यात घालू नये. बुरशी वरून पुसली तरी आत राहते आणि ती खाणाराला अपाय करू शकते. पाचशे रुपयांचा माल फेकताना जीव तुटतो, हे आम्हाला कळते. पण एखाद्या घरचे मूल आजारी पडले, तर तो तोटा पाचशे रुपयांत मावत नाही.

माल कमी पडला

समजा, आठ घरांनी प्रत्येकी ५ पुडे मागितले. एकूण ४० पुडे झाले. पण १४ पुड्यांचा माल ओला राहिला. हातात उरले २६. आता काय करावे?

काही बायका पहिल्या येणारीला पाच, दुसरीला पाच असे वाटत सुटतात. शेवटच्या दोघी-तिघी रित्या हातांनी परततात आणि रागावतात. त्यापेक्षा वही उघडून हिशेब करावा. आठांतल्या एका घरी परवा लग्न आहे. तिची गरज टळणार नाही. तिला पुरे ५ द्यावे. उरले २१. ते सात घरांना प्रत्येकी ३ द्यावे. सात घरांचे प्रत्येकी २, म्हणजे १४ पुडे देणे राहिले. ते कोणत्या दिवशी देणार, ते त्यांच्यासमोर वहीत लिहावे.

आणि मुख्य गोष्ट ही की, सर्वांना आधी निरोप पाठवावा. "काकू, पावसानं माल कमी झालाय. तुम्हाला आज तीन देते, दोन पुढच्या सोमवारी घरी आणून देते." एवढे आदल्या दिवशी सांगितले तर कोणी रागावत नाही. तेच दारात आल्यावर सांगितले तर काकूंचा चेहरा बदलतो. अडचण तीच, पण उशिरा सांगितली की ती लबाडी वाटते.

चव बिघडली, वजन चुकले

कधी मिठाचा हात जास्त पडतो. कधी मसाला जास्त भाजला जातो. अशा वेळी दोनच मार्ग आहेत. खाण्याजोगा असेल तर "मीठ जरा जास्त आहे" असे सांगून कमी भावाने द्यावा, नाहीतर विक्रीतून काढून घरी वापरावा. चांगल्या पुड्यांत मिसळून खपवू नये. गिरगावच्या त्या बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका. छगनलाल पारेख नावाच्या जाणत्या सल्लागारांनी त्यांना सांगितले की, एकच प्रत ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. हिशेबही चोख ठेवायला सांगितले. त्या सल्ल्यावरच पुढचा कारभार उभा राहिला.

वजनाचेही तसेच. विजेचा काटा ऐन वेळी बंद पडतो. म्हणून घरी साधा तराजू आणि मापे ठेवावी. कोणताही काटा असला तरी त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असावा. तराजू नसेल तर पुडे आदल्या दिवशीच भरून तोलून ठेवावे. अंदाजाने मूठ भरून देऊ नये. खाण्याचे जिन्नस विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करून घ्यावी. हा कायदा २००६ सालचा आहे आणि तो लहान धंद्यालाही लागू आहे.

डाळ महागली

समजा, मागणी घेताना पुड्याचा भाव ८० रुपये सांगितला. मग उडदाची डाळ महागली आणि आता पुडा ८५ रुपयांना विकल्याशिवाय परवडत नाही. ४० पुड्यांमागे २०० रुपयांचा फरक पडला. तरी ज्यांना ८० सांगितले, त्यांना ८० नेच द्यावे. नवा भाव नव्या मागणीला लावावा. पुढच्या वेळी मागणी घेतानाच सांगावे, "हा भाव महिनाअखेरपर्यंत. पुढं डाळीवर अवलंबून." म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळीक राहते.

पैशाची घोटाळणी

विक्रीच्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून खोळंबा होतो. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आधी आणून ठेवावी. आता पुष्कळ जणी मोबाइलवरून पैसे देतात. रेंज नसली की तेही अडते. दुसरीच्या मोबाइलवर "पैसे गेले" असे दिसले, एवढ्यावर भागत नाही. आपल्या खात्यात आले की नाही, ते आपल्या मोबाइलवर पाहावे. आले नसतील तर भांडू नये. वहीत नाव आणि रक्कम लिहावी, संध्याकाळी पुन्हा पाहावे. उधारी दिली तर तीही तिच्यासमोरच लिहावी.

ज्या घरी विक्री, त्याच घरी अडचण

कधी घरधनिणीच्या घरी कोणी आजारी पडते, कधी सुतक येते. अशा वेळी विक्रीचा हट्ट धरू नये. आधी माणुसकी, मग धंदा. दुसरी एक ओसरी आधीच ठरवून ठेवावी. जागा बदलली तर एका मुलाला घरोघर पाठवावे आणि जुन्या दारावर खडूने दोन ओळी लिहाव्या. कोणी बाई उन्हातून येऊन बंद दार पाहून परत गेली, असे होऊ देऊ नये.

काही ठिकाणी संक्रांतीच्या किंवा चैत्रातल्या हळदीकुंकवालाच विक्री जोडतात. बायका आपसूक जमतात, ही सोय खरी. पण तेथे एक अवघड प्रसंग येतो. शेजारची विधवा बाई माल घ्यायला दारात येते आणि आतल्या बायका कुजबुजू लागतात. तिने काय करावे? आमचे सांगणे स्पष्ट आहे. पुढे होऊन तिला आत बोलवावे आणि सर्वांबरोबर बसवावे. तिच्याही घरी चूल पेटते आणि तिच्याही हातात कसब असते. विक्रीचे आमंत्रण देतानाच "सगळ्यांनी यावं" असे सांगितले, तर तो प्रसंगच येत नाही.

बोलावल्या तीस, आल्या सहा

ही अडचण सर्वांत जास्त मन खचवते. माल मांडलेला, चहा केलेला आणि सतरंजी रिकामी! अशा वेळी तोंड पाडून बसू नये. जेवढ्या आल्या, त्यांच्या वेळेचा मान ठेवावा आणि ठरल्या वेळी सुरुवात करावी. न आलेल्यांची निंदा आलेल्यांजवळ करू नये. का आल्या नाहीत, ते मागून विचारावे. त्या दिवशी खुरपणी असेल, लग्न असेल, नाहीतर बाजार असेल. पुढचा दिवस ते पाहून ठरवावा.

आणि सहाजणींवर तीसजणींचा माल लादू नये. घरी बोलावलेल्या बाईला "नको" म्हणायला संकोच वाटतो. भीड भिकेची बहीण असते. भिडेपोटी घेतलेला पुडा एकदा खपतो, पण ती बाई पुढच्या वेळी आपल्या दारावरून मान खाली घालून जाते. कोणी काही न घेता उठली तरी तिला चहा द्यावा आणि "पुन्हा या" म्हणावे.

शेवटी एवढेच

अडचण कोणालाच चुकत नाही. पाऊस आपल्या हातात नाही आणि डाळीचा भावही आपल्या हातात नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. आधी लिहून ठेवणे, अडचण कळताच खरे सांगणे आणि राहिलेले देणे ठरल्या दिवशी पोचवणे. ज्या बाईने पुढच्या सोमवारी सांगितलेले दोन पुडे पुढच्या सोमवारीच नेऊन दिले, तिच्याकडे काकू पुढच्या वर्षीही मागणी देतात.

वाचा आणि उत्तरे द्या

१. मागणीच्या वहीत कोणत्या पाच गोष्टी लिहाव्या?
२. गिरगावच्या बायकांनी पावसात पापड कसे वाळवले?
३. सहा घरांनी प्रत्येकी ४ पुडे मागितले. हातात १८ आहेत. कोणाच्याही घरी कार्य नाही. प्रत्येकीला आज किती द्याल? देणे किती राहील?
४. तुमच्या गावात अशी विक्री कोणत्या महिन्यात चांगली होईल? का?