दगडावर उमलणारी भुकेली तोंडं

लक्षद्वीपच्या उथळ, निळ्या पाण्यात दिवसा प्रवाळ पाहिलं, तर ते रंगीत खडकासारखं निश्चल दिसतं. रात्री टॉर्च घेऊन तिथेच पाहिलं, तर अनेक प्रवाळांवर हजारो इवली फुलं उमललेली दिसतात. खरं तर ती फुलं नाहीत. ती जेवायला बसलेली तोंडं आहेत!

प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या छोट्या प्राण्यांची वसाहत. बहुतेक पॉलिप जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. पॉलिपचं शरीर म्हणजे एक पिशवी आणि तिला एकच तोंड. अन्न त्यातूनच आत जातं आणि न पचलेला भाग त्यातूनच बाहेर पडतो. तोंडाभोवती मऊ सोंडांचं कडं असतं.

पण ज्याला जागचं हलताही येत नाही, तो शिकार कशी करतो?

रात्री समुद्रातले सूक्ष्म जीव खोल पाण्यातून वर येतात. तेव्हा पॉलिप आपल्या सोंडा पसरतो. सोंडांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत गुंडाळी केलेला एक विषारी धागा दडलेला असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच हा धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर झेपावतो आणि भक्ष्य लुळं पडतं. मग सोंडा त्याला तोंडाकडे नेतात. एक दंशपेशी एकदाच वापरता येते. तिच्या जागी नवी तयार होते.

काही प्रवाळं चिकट द्रावाचं जाळं पसरून पाण्यातले अन्नकण पकडतात. शिवाय वसाहतीतले पॉलिप एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाला मिळालेला घास शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचतो.

दिवसाचं जेवण मात्र घरातच शिजतं. पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देतं. उथळ पाण्यातल्या प्रवाळांना लागणारी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळू शकते. त्यांचे बरेचसे रंगही या शैवालामुळेच असतात.

संकट येतं ते इथेच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ १ अंश सेल्सिअसने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर शैवाल पॉलिपच्या शरीरातून बाहेर पडतं. प्रवाळ पांढरंफटक होतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडलं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पण त्याची उपासमार सुरू होते.

अशा वेळी रात्रीची शिकार कामी येते. हवाई बेटांजवळ शास्त्रज्ञांना असं एक प्रवाळ आढळलं, जे पांढरं पडल्यावर जास्त शिकार करून तग धरतं. सगळ्यांना मात्र हे जमत नाही. त्यांच्यासाठी पाणी वेळेत थंड होणं हाच एक आधार उरतो.

पुढच्या वेळी अंगठीतलं पोवळं पाहाल, तेव्हा आठवा: तो सांगाडाही अशाच एका भुकेल्या, चिमुकल्या शिकाऱ्यांच्या वसाहतीने बांधला होता.