आठवी-नववीच्या मुलांच्या हाती कोणती गोष्ट द्याल?

जयंती असो की महापरिनिर्वाण दिन, आपला माणूस पुस्तकांच्या स्टॉलवरून रिकाम्या हाताने परतत नाही. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरील ग्रंथविक्री पाहून बाहेरचे लोकही थक्क होतात. परंतु घरी येणाऱ्या त्या पिशवीत चरित्रे, भाषणे आणि कॅलेंडरे असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी कथा-कादंबरी क्वचितच असते. 'गोष्टी वाचून काय मिळणार, अभ्यास कर,' असे आपण म्हणतो आणि मुलगा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो.

आमचे म्हणणे असे की या वयाला गोष्टच लागते. थोरांचे चरित्र वाचून मान लवते, पण गोष्टीत आपल्याच वयाचा कोणी घाबरतो, चुकतो, थापा मारतो आणि तरीही मार्ग काढतो. मागची पिढी अण्णाभाऊंची 'फकिरा' (१९५९) कंदिलापुढे बसून वाचत होती, ती काही परीक्षेसाठी नव्हे.

मग नवे काय घ्यावे? साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, पण तो ९ ते १६ वयोगटाच्या पुस्तकांसाठी आहे. म्हणजे चौथीचा मुलगा आणि दहावीची मुलगी एकाच बाकावर! म्हणून पुरस्काराचे नाव पाहून डोळे मिटून पुस्तक घेऊ नये. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (पुरस्कार २०२२) चांगली आहे, पण ती पाचवी-सहावीला द्या.

ज्याने पाठ्यपुस्तकाबाहेर काहीच वाचलेले नाही, त्याला आधी भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (पुरस्कार २०२४) द्यावी. भुताचे नाव ऐकून नाक मुरडू नका, वाचनाची गोडी रहस्यानेच लागते. सलीम मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (पुरस्कार २०१९) त्यानंतरची. लेखक कोल्हापूर जिल्ह्यातले, वनखात्यातले नोकरदार. त्यामुळे जंगल ऐकीव नाही. ल. म. कडू यांची 'खारीचा वाटा' (पुरस्कार २०१७) मात्र जरा समज आल्यावर. धरणात गाव जाणार म्हटल्यावर मुलाच्या मनाचे काय होते, ते तीत आहे. ज्यांचे आईबाप गाव सोडून शहरात आले त्या मुलांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

दहावीच्या पुढच्यांसाठी एक इंग्रजी कादंबरी आम्ही आग्रहाने सुचवतो : सिद्धार्थ सर्मा यांची 'इयर ऑफ द वीड्स' (२०१८). पश्चिम ओडिशातला कोरोक हा गोंड मुलगा दुसऱ्याच्या बंगल्यातली बाग सांभाळतो. त्या घरातली अंचिता चित्रे काढते. गावाजवळच्या पवित्र डोंगरातून ॲल्युमिनियमचे खनिज काढायचे ठरते आणि गावाला उठायला सांगितले जाते. याच ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला होता, हे मुलांना आधी सांगावे. आम्हाला यात आवडले ते हे की गरीब मुलगा येथे कोणाच्या दयेचा विषय नाही. तो माती जाणतो, विचार करतो. आपल्या मुलांना पुस्तकात असा मुलगा किती वेळा भेटतो? बहुतेक गोष्टींत आपल्यासारखा कोणी आला तर तो नोकर म्हणून येतो आणि दोन पानांत निघून जातो.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून रोज पाच पाने वाचावीत. अडलेल्या शब्दासाठी दरवेळी शब्दकोश उघडू नये, गोष्ट थांबते.

विहारातील कपाटात यासाठी एक फळी राखून ठेवावी. वर्गणीचा हिशेब मांडताना गणवेश-वह्यांबरोबर पाच कादंबऱ्यांचा खर्चही धरावा. आम्ही कारकून आहोत, तो फार होत नाही हे खात्रीने सांगतो. कपाटाला कुलूप लावून चावी अध्यक्षांच्या खिशात ठेवू नये. पान दुमडले, तेलाचा डाग पडला तरी ओरडू नये. आणि मुलींना पुस्तक घरी नेऊ द्यावे. संध्याकाळी विहारात बसून वाचायला मुलांना सवड असते, मुलींच्या वाट्याला त्या वेळी चूल आणि धाकटी भावंडे असतात.