मानवी अवकाशप्रवासाची मंदगती

मानवाला अवकाशात पाठविण्याच्या प्रयत्नांचा १९६१–७२ या काळातील वेग नंतर झपाट्याने उतरला. १२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएट रशियाच्या यूरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २० जुलै १९६९ रोजी अमेरिकेचे नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. डिसेंबर १९७२ मधील अपोलो–१७ ही त्या मालिकेतील अखेरची मोहीम ठरली. एकूण १२ अंतराळवीर चंद्रावर वावरले. पुढील अर्धशतकात मात्र कोणीही पृथ्वीनिकटच्या कक्षांपलीकडे गेले नाही.

याचे मूळ कारण राजकीय होते. सोव्हिएट रशियाला मागे टाकणे हे अपोलो योजनेचे मुख्य प्रयोजन साध्य होऊन संपले. रशियाच्या एन–१ या प्रचंड अग्निबाणाची १९६९–७२ मधील चारही उड्डाणे फसल्याने स्पर्धाही उरली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील नासा या संस्थेचा वाटा १९६६ मध्ये ४ टक्क्यांहून अधिक होता. व्हिएटनाम युद्ध व सामाजिक योजना यांच्या भारामुळे तो १९७५ पर्यंत सु. १ टक्क्यावर आला. तीन नियोजित चांद्रमोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या.

तांत्रिक अडचणही मूलभूत आहे. उड्डाणसमयी सॅटर्न–५ अग्निबाण व यान यांचे वजन सु. २,९०० टन असे. त्यांपैकी पृथ्वीवर परत येई तो सु. ५·५ टनांचा कक्ष. पुन्हा वापरता येणाऱ्या स्पेस शटल यानांनी (१९८१–२०११) हा खर्च अपेक्षेइतका घटला नाही. शिवाय चॅलेंजर (१९८६) व कोलंबिया (२००३) या अपघातांत १४ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. मंगळाच्या एकेरी प्रवासासच सहा ते नऊ महिने लागतात. तेवढ्या काळात प्रारणाचा धोका व हाडांची झीज संभवते. यंत्राला अन्न, पाणी, हवा लागत नाही व ते परत आणावेही लागत नाही. त्यामुळे दूरच्या ग्रहांचे संशोधन व्हायकिंग, व्हॉयेजर यांसारख्या निर्मनुष्य यानांकडे गेले.

तथापि मानवाचा अवकाशातील वावर थांबला नाही. सॅल्यूत–१ (१९७१) व स्कायलॅब (१९७३) या स्थानकांपासून दीर्घ वास्तव्याचा अभ्यास सुरू झाला. मीर स्थानकावर व्हालेरी पॉल्याकोव्ह १९९४–९५ मध्ये सलग ४३७ दिवस राहिले. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अखंड मानवी वस्ती आहे. दूरच्या प्रवासात शरीर कितपत टिकेल, या प्रश्नाचे उत्तर अशा वास्तव्यांतूनच मिळू लागले.